वास कुणाचा, नाक कुणाचं?

गेल्या मे महिन्यात आमच्या ऑफिसात सगळ्यांना एक मेल आला. विषय होता ‘पर्सनल हायजीन’. मेलमध्ये नाव कुणाचंच नव्हतं, पण रोख कुणावर आहे ते अख्ख्या फ्लोअरला कळलं. आमच्याच टीममधला एक टेस्टर. कात्रजच्या पुढून दोन बस बदलून हिंजवडीला येतो. राहतो तिथे सहा जणांत एक बाथरूम, पाणी टँकरचं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी गंमत म्हणून त्याच्या डेस्कवर डिओचा कॅन ठेवला. पुढचा आठवडाभर तो आमच्यासोबत जेवायला आला नाही. मी काहीच बोललो नाही. एक सीनियर मात्र समजूतदारपणे म्हणाला, “जाऊ दे रे, एकेकाची बॉडी केमिस्ट्री असते.”

त्याच शनिवारी एका मॉलमध्ये परफ्यूमच्या काउंटरवरच्या मुलीने माझ्या मनगटावर फवारा मारला आणि म्हणाली, “सर, तुमच्या बॉडी केमिस्ट्रीवर हा मस्त खुलतोय.” बाटली सात हजारांची होती.

शब्द तोच. एकाला हिणवायला, दुसऱ्याचा खिसा रिकामा करायला. माझं भांडण या शब्दाशी आहे.

आधी विज्ञानाला त्याचं देणं देऊन टाकू. शरीराचं रसायन खरंच असतं. काखेतल्या ग्रंथींमधून येणाऱ्या ताज्या घामाला जवळपास वासच नसतो. त्वचेवरचे जिवाणू त्यातले घटक तोडतात आणि मग वास तयार होतो. कोणाच्या त्वचेवर कोणते जिवाणू, हे वेगवेगळं असतं. एबीसीसी११ नावाच्या एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असलेल्यांच्या काखेला फारसा वासच येत नाही. कोरिया, चीन, जपानमध्ये असे लोक बहुसंख्य आहेत. तो त्यांच्या संस्कारांचा विजय नाही, एका जनुकाची करामत आहे.

परफ्यूमचंही तसंच. कोरड्या त्वचेवरून सुगंध लवकर उडतो, तेलकट त्वचेवर जास्त टिकतो. उष्णतेने उडण्याचा वेग वाढतो. काउंटरवरच्या एसीत जे नाकाला लागतं, ते एप्रिलमधल्या दुपारी स्वारगेटला लागणार नाही.

आवडीनिवडीचाही शरीराशी संबंध असावा, असं सांगणारे प्रयोग आहेत. १९९५ साली क्लाउस वेडेकिंडने स्वित्झर्लंडमध्ये ४४ पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालायला लावला आणि ते टी-शर्ट ४९ स्त्रियांना हुंगायला दिले. प्रतिकारशक्तीची जनुकं आपल्यापेक्षा वेगळी असलेल्या पुरुषांचा वास स्त्रियांना जास्त आवडला. नंतरच्या अभ्यासांत हा निष्कर्ष दरवेळी टिकलेला नाही. २००१ साली त्यानेच मॅनफ्रेड मिलिन्स्कीसोबत दाखवलं की स्वतःसाठी सुगंध निवडताना याच जनुकांचा काही प्रभाव दिसतो. २०१२ च्या एका झेक अभ्यासात, माणसाने स्वतः निवडलेला परफ्यूम त्याच्या अंगवासात मिसळला की तो दुसऱ्याने नेमून दिलेल्या परफ्यूमपेक्षा बरा वाटला.

म्हणजे काय? म्हणजे तुमच्या अंगाला काय शोभतं हे तुमचं तुम्हाला बऱ्यापैकी कळतं. दहा सेकंदांत कुणी अनोळखी माणूस ते सांगत असेल, तर तो विज्ञान सांगत नाही, टार्गेट पूर्ण करतोय.

आता अर्धी गोष्ट, जी कुणीच सांगत नाही. वासाला अंग लागतं तसं नाकही लागतं. लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये गंध ओळखणाऱ्या जनुकांचं मोठं कुटुंब शोधलं. त्यासाठी त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसात अशी सुमारे ४०० जनुकं काम करतात आणि ती प्रत्येकात थोडी वेगळी असतात. घामात अँड्रोस्टेनोन नावाचं एक द्रव्य असतं. काहींना त्याला मुताचा वास येतो, काहींना व्हॅनिलासारखा गोड, काहींना काहीच येत नाही. यात ओआर७डी४ या एका जनुकाचा मोठा वाटा आहे, हे २००७ मध्ये सिद्ध झालं. इनपुट तेच, आउटपुट वेगळं. मग बग दरवेळी समोरच्याच्याच अंगात कसा सापडतो?

पुण्यात भाड्याने घर शोधलेल्या प्रत्येकाला ‘ओन्ली व्हेज’ माहीत आहे. कारण विचारलं की वासावर ढकलतात. २००६ मध्ये प्राग इथे १७ पुरुषांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात, दोन आठवडे मांस सोडल्यावर अंगवास जास्त आवडला, हे खरं आहे. पण २०१६ मध्ये त्याच शहरातल्या संशोधकांना असंही दिसलं की भरपूर लसूण खाल्लेल्या पुरुषांच्या काखेचा वास जास्त आवडतो. लसूण खाणाऱ्यांनाच घर देईन, असं म्हणणारा मालक मला अजून भेटलेला नाही. सोयीचं तेवढंच रसायन उचलायचं आणि त्यामागे जात, पगार, पत्ता लपवायचा, असा हा धंदा आहे.

कुणी म्हणेल, मग माणसाने आंघोळ करू नये का? जरूर करावी. त्यासाठी आधी पाणी लागतं. माझ्या टेस्टर मित्राच्या वासात त्याच्या जनुकांचा वाटा किती, हे मला ठाऊक नाही. दीड तासाच्या गच्च बसप्रवासाचा आणि एका बादलीचा वाटा मात्र मला दिसतो. माझ्याकडे गाडी आहे, गीझर आहे, ऑफिसात पोचेपर्यंत घाम नाही. माझी ‘बॉडी केमिस्ट्री’ चांगली आहे ती एवढ्याचसाठी.

जूनमध्ये मी त्याला घेऊन रविवार पेठेत एका अत्तरवाल्याकडे गेलो. आधी त्याची माफी मागितली, मग चहा पाजला. अत्तरवाल्या चाचांनी त्याच्या एका मनगटावर वाळा लावला, दुसऱ्यावर हिना. म्हणाले, “तासभर फिरून या, मग तुम्हीच सांगा.” आम्ही मंडईत भटकलो. त्याने वाळा घेतला. मला हिना आवडला होता.

ऑफिसात आम्ही दोघांनी मिळून एक मेल पाठवलाय. मागणी साधी आहे: तळमजल्यावर दोन शॉवर आणि कात्रजच्या बाजूने कंपनीची एक बस. उत्तर अजून आलेलं नाही. हायजीनचा मेल मात्र एका दिवसात आला होता.