बायका तपासणीला येत नाहीत, की शिबिरच चुकीच्या महिन्यात भरतं?

ऑक्टोबर आला की गुलाबी फिती निघतात. रॅली, स्तनाच्या कर्करोगावर भाषण, फोटो. त्यानंतर थेट 8 मार्चला महिला दिनाचं शिबिर. आणि दोन्ही वेळा तेच रडगाणं: 'खेड्यातल्या बायका येतच नाहीत हो. लाज, भीती, अज्ञान!'

साहेब, ऑक्टोबरात केज, धारूर, वडवणीची बाई बोचकं बांधत असते. 8 मार्चला ती सांगली-कोल्हापूरकडं, नाहीतर कर्नाटकात, फडात मोळ्या वाहत असते. तुम्ही मांडव घालता तेव्हा ती गावातच नसते. मग न येणारं कोण, ती की तुम्ही?

सरकारी नियम काय सांगतो? वय 30 च्या पुढच्या प्रत्येक बाईच्या स्तनांची तपासणी दर पाच वर्षांनी, प्रशिक्षित कर्मचाऱ्यानं हातानं चाचपून, फुकट. प्रत्यक्षात काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 2019-21 म्हणतं, देशात 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी कधीतरी झालेल्या फक्त 0.9 टक्के. शंभरात एकसुद्धा नाही! हा आकडा घरी राहणाऱ्या बायकांना धरून आहे. सहा महिने कोपीत राहणारीचा हिशोब तुम्हीच करा. गावची आशाताई म्हणते, ती बाहेरगावी गेली. कारखान्याकडची आशाताई म्हणते, ती माझ्या यादीत नाही. दोघीही खरं बोलतात आणि बाई दोन्ही याद्यांच्या मधून निसटते.

वर खाडा आहेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली. एक दिवस दवाखान्यात गेला की मुकादम पैसे कापतो. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. न दुखणाऱ्या गाठीसाठी कोण खाडा भरणार? दुखेपर्यंत थांबणं हा तिचा अडाणीपणा नाही, तो तिचा व्यवहार आहे. तो व्यवहार आपण तिच्यावर लादलाय.

भीतीचं म्हणाल तर ती आपणच पेरली. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे समितीपुढं आलेला आकडा आठवा: बीड जिल्ह्यात विचारपूस झालेल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांवर जणींची गर्भाशयं काढलेली. पिशवी काढायला याच बायका सापडल्या, स्तन तपासायलाच सापडत नाहीत? 'डॉक्टरकडं गेलं की काहीतरी काढणारच' असं बाई म्हणाली तर तिला हसू नका.

आणि कुणी म्हणू नये की हे जमत नाही. टाटा रुग्णालयानं 1998 पासून वीस वर्षं मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानं तपासणी करत होत्या. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, काही नाही. तिथं कर्करोग लवकरच्या टप्प्यात सापडले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. शेजारच्या बार्शीत 1987 पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. ज्ञान दारात आहे, इच्छा नाही.

मागणी साधी आहे. पहिली तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, गाड्या निघायच्या आधी, उपकेंद्रात. राहिलेल्यांची कारखान्याच्या तळावर, संध्याकाळी, बाई कर्मचाऱ्याकडून. तपासणीच्या दिवसाचा खाडा माफ, तोही लेखी. गाठ लागली तर कार्ड, फोन आणि मोठ्या दवाखान्यापर्यंतचं गाडीभाडं, कारण तपासून वाऱ्यावर सोडणं हे न तपासण्यापेक्षा वाईट. पैसे कुठून? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे 10 रुपये आणि सरकारनं तेवढेच घालायचं ठरलंय. त्यातून करा.

निवडणुकीला याच बायकांना आणायला फडावर गाड्या जातात. तेव्हा पत्ता बरोबर सापडतो! येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, आपल्या सदस्याला विचारा: आपल्या गावातल्या किती जणींची तपासणी झाली, आकडा सांगा. उत्तर आलं तर खाली लिहा. नाही आलं तर तेही लिहा, मी छापतो.