खाडीकडे पाठ

टेंभी नाक्याजवळ राहणारे आमचे एक स्नेही गेल्या उन्हाळ्यात सहकुटुंब स्कॉटलंडचा प्रवास करून आले. फाइफ प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावरील क्रेल, अॅन्स्ट्रदर, पिटनवीम अशी लहान लहान बंदरे त्यांनी पाहिली, आणि परत आल्यापासून त्यांच्या तोंडी दुसरा विषय नाही. तांबड्या कौलांची बसकी घरे, दगडी धक्के, ओहोटीच्या वेळी चिखलात कलंडलेल्या होड्या, ह्या सर्वांचे वर्णन परवा आम्ही भक्तिभावाने ऐकले. ते संपल्यावर त्यांच्या सौभाग्यवतींनी सुस्कारा टाकला व म्हणाल्या, "नाहीतर आपले ठाणे! समुद्र म्हणून नाही. काय ते तलाव." बैठकीतील कोणीही ह्या उद्गारास हरकत घेतली नाही. ती आम्ही येथे घेत आहो.

ठाणे हे तलावांचे शहर होय, हे वाक्य आता इतके रूढ झाले आहे की ते खोटे आहे असे म्हणणाऱ्यासच लोक वेड्यात काढतील. तलावांशी आमचे वैर नाही. मासुंद्याच्या काठी संध्याकाळी भेळ आम्हीही खातो. परंतु ज्या गावाचे दीड हजार वर्षांचे नाही तरी निदान हजार वर्षांचे नशीब खाऱ्या पाण्याने घडविले, त्या गावाने आपली ओळख गोड्या पाण्याच्या डबक्यांवरून सांगावी, हा प्रकार घरच्या आजोबांचे नाव पुसून शेजाऱ्याचे लावण्यासारखा आहे.

खुद्द टेंभी नाक्याचेच उदाहरण घ्या. तेथील मुनिसुव्रतस्वामींच्या जैन मंदिरात दर्शनाला दूरदूरचे यात्रेकरू येतात ते कोणत्या कथेमुळे? धवल शेठाने कपटाने श्रीपाळ राजाला गलबतावरून समुद्रात लोटले, आणि तो मगरीच्या पाठीवरून कोकणच्या ठाणे बंदरी किनाऱ्याला लागला, ही ती कथा. ती ऐतिहासिक नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण कथा रचणाराच्या मनात ठाणे म्हणजे समुद्राने माणूस जेथे आणून टाकावा असे गाव होते, एवढे तरी तीवरून सिद्ध होते की नाही? आज त्याच देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहून खाडी कोणत्या दिशेस आहे असे विचारले, तर दहांतले किती जण बोट दाखवतील?

पुराणकथा नको असेल तर इतिहास घ्या. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर ह्याचा यादव महादेवाशी झगडा झाला, तो अखेर समुद्रावर. आणि सोमेश्वर बुडून मेला, असे महादेवाचा मंत्री हेमाद्री सांगतो. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याविषयी जे लिहून ठेवले, ते तर फारच मौजेचे आहे. येथून कातडी व सुती कापड परदेशी जाई. बाहेरून सोने, रुपे व तांबे येई. आणि येथील राजाने चाच्यांशी असा करार केला होता की लुटीतील सगळे घोडे त्याचे, बाकीचा माल चाच्यांचा! राजाच्या ह्या नीतीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु ज्या बंदरात असा करार फायद्याचा ठरे, ते बंदर केवढे गजबजलेले असेल, ह्याची कल्पना करावी. कल्याण तर ह्याहूनही जुने. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या दात्यांची नावे आहेत, आणि पहिल्या शतकातील ग्रीक खलाशाचे प्रवासवृत्त ह्या बंदराचा उल्लेख नावानिशी करते. 1657 साली कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजीमहाराजांनी आरमाराची उभारणी येथेच आरंभिली. दुर्गाडीची चढण चढणारे किती जण मागे वळून उल्हासच्या पाण्याकडे पाहतात?

ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला तो खाडीवर नजर ठेवण्यासाठी. तो पुरा होण्याआधीच, मार्च 1737 मध्ये, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. 1774 च्या डिसेंबरात तो इंग्रजांकडे गेला. पुढे तेथे तुरुंग झाला आणि 1910 साली अनंत कान्हेरे, कर्वे व देशपांडे ह्यांना त्याच भिंतींआड फाशी देण्यात आले. त्या भिंतींना आम्ही हात जोडतो. परंतु जो बुरूज पाण्यासाठी उभारला, त्यावरून पाणी पाहण्याचा अधिकार नागरिकास नाही.

येथे कोणी म्हणेल, "अहो, खाडी ती खाडी, समुद्र तो समुद्र. शिवाय तिला घाण येते." पहिल्या आक्षेपाचे उत्तर सोपे आहे. आमचे स्नेही ज्या फाइफच्या प्रेमात पडले, तो प्रांत तरी कोठे भर महासागरावर आहे? फोर्थ नदीच्या रुंद मुखावर तो वसला आहे, आणि क्रेलचे बंदर ओहोटीला कोरडे पडते. तेथील चिखल रम्य, आणि कळव्याच्या पुलावरून दिसणारा चिखल मात्र ओंगळ! दुसरा आक्षेप खरा आहे, पण तो खाडीवर नव्हे, आमच्यावर आहे. अंबरनाथपासून डोंबिवलीपर्यंतच्या कारखान्यांचे सांडपाणी आणि आमच्या गटारांचे मैले तिच्यात सोडून, वर तिच्याच नावाने नाक मुरडावयाचे, हा कोणता न्याय? इतके करूनही रोहित पक्ष्यांनी तिला टाकले नाही. 2015 साली तिचा काही भाग त्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला व 2022 साली रामसरच्या जागतिक यादीत तिचे नाव गेले. पक्ष्यांना जे कळले ते धीम्या गाडीने मुंब्र्यावरून रोज खाडीकाठाने जाणाऱ्या आमच्या बाबूलोकांना कळत नाही. त्यांचे डोळे हातातल्या यंत्रावर.

स्कॉटलंडची ती गावेही आपोआप सुंदर राहिली नाहीत. मासेमारी खालावली तशी ती घरे मोडकळीस आली होती. 1960 पासून तेथील नॅशनल ट्रस्टने जुनी घरे विकत घेऊन दुरुस्त केली, जपण्याच्या अटीवर विकली, आणि आलेल्या पैशातून पुढची घरे घेतली. 1969 साली अॅन्स्ट्रदरला मासेमारीचे संग्रहालय उघडले. ह्यातली दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुंदर केलेली पुष्कळ घरे पुढे शहरी लोकांच्या सुटीची घरे झाली, आणि ज्यांच्या बापजाद्यांनी ती बांधली त्यांना ती परवडेनाशी झाली. ही चूक आपण आधीच ओळखून ठेवावी. कारण ठाण्यात तिचा अवतार कौलारू घराच्या रूपाने होणार नाही, तीस मजली इमारतीच्या रूपाने होईल.

चेंदणी आणि महागिरी येथले कोळीवाडे हेच आमचे क्रेल व पिटनवीम. चेंदणीला तर आगगाडीने मधोमध चिरले. 1853 साली तिच्या आगमनाचा उत्सव आपण अजून सांगतो, पण तिने कोणाचे अंगण कापले ते सांगत नाही. आता खाडीकाठ सुशोभित करण्याचे वारे वाहू लागले आहे. सुशोभन म्हणजे काय, ह्याची आमच्याकडील कल्पना ठरलेली आहे: लोखंडी कठडा, रंगीत फरशी, रात्री निळे-जांभळे दिवे. पाण्याकडे फक्त पाहावयाचे. त्यात उतरावयाचे नाही. होडी लावावयास धक्का, जाळी वाळत घालावयास जागा, मासळी विकावयास ओटा, ह्यांपैकी काहीही त्या नकाशांत शोभेचे मानले जात नाही. ज्या काठावरून कोळ्याला हाकलावे लागते, तो काठ कितीही दिव्यांनी लखलखला तरी बंदर नव्हे, बाग आहे. आणि बागा ठाण्यात आधीच आहेत.

आमचे मागणे मोठे नाही. पूर्वीच्या बंदरांकडे जाणारे रस्ते पाण्यापर्यंत मोकळे असावेत. कोळीवाड्यांतील घरे कोळ्यांसाठीच दुरुस्त व्हावीत. किल्ल्याच्या खाडीकडील अंगाला लोकांना जाता यावे. आणि नगराच्या पाटीवरील तलावांच्या आधी एक शब्द 'बंदर' हा घालावा. त्यास खर्चही फारसा नाही.

येत्या नारळी पौर्णिमेस चेंदणीचे कोळी वाजतगाजत खाडीला नारळ अर्पण करावयास निघतील. आमच्या स्नेह्यांना आम्ही सहकुटुंब त्या दिवशीचे आमंत्रण दिले आहे. स्कॉटलंडात भरती-ओहोटीचे वेळापत्रक खिशात बाळगून हिंडणाऱ्या ह्या गृहस्थांनी भरतीची वेळ विचारली नाही. मोटार कोठे उभी करावयाची, एवढेच विचारले.