सरकता भूतकाळ

एकदा नोंदलेली वेळ बदलत नाही, या गृहीतकावर न्यायालये, अभिलेखागारे आणि निवृत्तिवेतन कार्यालये विसंबून आहेत. संगणकयुगात हे गृहीतक कोसळले आहे. बहुतेक संगणक १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत क्षण साठवतात. त्या सेकंदांची तारीख-वेळ करायची, तर कोणत्या प्रदेशाचे घड्याळ केव्हा किती पुढेमागे होते, याची सारणी लागते. ‘आयाना’ या इंटरनेट-संस्थेच्या छत्राखाली प्रामुख्याने स्वयंसेवकच सांभाळत असलेल्या या टाइम झोन सारणीत दरवर्षी दुरुस्त्या होतात आणि त्यांतल्या काही थेट इतिहासाला हात घालतात.

शांघायचे घड्याळ १९२७ च्या अखेरीस ३५२ सेकंद मागे गेले, असे ही सारणी २०११ मध्ये सांगत होती. २०१४ च्या आवृत्तीत तोच बदल १९०० च्या अखेरीस गेला आणि ३४३ सेकंदांचा झाला. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमची नोंद ब्रसेल्समध्ये विलीन झाली. १९३० च्या हिवाळ्यात या दोन शहरांच्या घड्याळांत सुमारे वीस मिनिटांचे अंतर होते. १९७० पूर्वीचा तो तपशील आता एका ऐच्छिक फाइलच्या अडगळीत आहे.

हे परदेशाचे दुखणे म्हणून दुर्लक्षिता येणार नाही. महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, भारताचे घड्याळ एक तास पुढे होते. शाळामास्तरांनी सरसकट लावलेली १ जून ही जन्मतारीख घ्या. १ जून १९४३ ची मध्यरात्र हा तास जाणणाऱ्या प्रणालीने सेकंदांत साठवली आणि सरसकट साडेपाच तास धरणाऱ्या प्रणालीने वाचली, तर पडद्यावर ३१ मे, रात्रीचे अकरा उमटतात. दिवस गेला, महिनाही गेला. आणि वयाच्या ऐंशीनंतरचे वाढीव निवृत्तिवेतन तर महिन्यावरच ठरते. मुंबईची गत याहून बिकट. प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला, विसाव्या शतकातही दशकानुदशके पाळला गेलेला ‘मुंबई टाइम’ सारणीतल्या भारताच्या एकमेव कोलकाता-नोंदीत नाहीच. युद्धकाळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा करण्याचे भान पत्रिका मांडणाऱ्या ज्योतिषाला आहे. कोट्यवधींच्या निविदा काढणाऱ्या खात्यांना ते आहे काय?

त्यात सर्व्हर, डेटाबेस आणि मोबाइल यांच्याकडे या सारणीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असू शकतात. मग एकाच दस्तावर दोन वेळा, दोन वेळांवर वाद, आणि वादात पुरावाच संशयित! ‘एक राष्ट्र, एक वेळ’ ही घोषणा आजच्या घड्याळासाठी ठीक आहे. कालच्या घड्याळाचा वाली कोण?

जन्मतारीख ही तारीख म्हणूनच साठवावी, क्षण म्हणून नव्हे. जुन्या नोंदीत मूळ घड्याळवेळ, स्थळ आणि सारणीची आवृत्ती जपणे शासनाने सक्तीचे करावे. प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने मुंबई टाइमसह भारतीय घड्याळांचा इतिहास प्रमाणित करून द्यावा. आणि तोवर स्कॅन झालेले कागद रद्दीत घालू नयेत. ते गेले आणि केवळ सेकंद उरले, तर काय बदलले हे सिद्ध करायला मूळ आकडाच हाती राहणार नाही.