हे कुणी पाहिलं?

दोस्तांनो, 'चीनची भिंत चंद्रावरून दिसते' हे वाक्य तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात किंवा प्रश्नमंजूषेत कधी ना कधी वाचलं असेलच. आपण ते पाठ करतो, मार्क मिळवतो आणि पुढे जातो. आज जरा थांबू या. एकच साधा प्रश्न विचारू या: हे कुणी पाहिलं?

विल्यम स्टुकली नावाच्या एका इंग्रज विद्वानानं १७५४ साली एका पत्रात अशा अर्थाचं लिहून ठेवलं होतं. आणि माणूस चंद्रावर उतरला १९६९ साली! म्हणजे चंद्रावर कुणी जाण्याआधी दोनशेहून जास्त वर्षं ही 'माहिती' तयार होती. एकानं लिहिलं, दुसऱ्यानं उतरवून घेतलं, तिसऱ्यानं छापलं. छापलं म्हणजे खरंच असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं.

बरं, आता पेन्सिल घ्या. भिंत खूप लांब आहे खरी, पण रुंदी? बऱ्याच ठिकाणी पाच-सहा मीटर. आपण सहा धरू. चंद्र आपल्यापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. म्हणजे हे अंतर भिंतीच्या रुंदीच्या ६ कोटी ४० लाख पट झालं. आता डोक्यावरचा एक केस घ्या. त्याची जाडी ०.१ मिलिमीटर धरा. तिच्या ६ कोटी ४० लाख पट म्हणजे ६.४ किलोमीटर! पुढच्या गावात कुणी हातात धरलेला केस तुम्हांला इथून दिसेल का? शिवाय भिंतीचा रंगही आजूबाजूच्या मातीसारखाच. पाहिलंत? चंद्रावर न जाता, सातवी-आठवीच्या गणितानं निकाल लागला.

पुढे ऑक्टोबर २००३ मध्ये चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीभोवती फिरून आला. चंद्राच्या मानानं तो कितीतरी जवळ होता. तरी आपल्याला भिंत दिसली नाही, असं त्यानं मोकळेपणानं सांगितलं. मग खुद्द चीनमध्येच शाळेच्या पुस्तकातला तो मजकूर बदलायचं ठरलं. पुस्तकं माणसंच लिहितात, आणि माणसंच ती सुधारतात.

तुम्ही म्हणाल, "पण वर्गात असं विचारलं तर उद्धट म्हणतील ना!" विचारण्याची रीत असते, दोस्तांनो. "सर, तुमचं चुकलं," असं म्हणू नका. "सर, मी असा हिशोब केला, माझं कुठे चुकतंय का बघाल?" असं म्हणून वही पुढे करा. कदाचित तुमचंच चुकलेलं असेल, तेही ऐकायची तयारी ठेवा. आणि हे परीक्षेच्या आधी विचारा बरं का! उत्तरपत्रिकेत काय लिहायचं, हा गोंधळ मग उरणार नाही. काही वेळा रागावणंही ऐकावं लागेल. म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. तो वहीत लिहून ठेवा, दुसरं पुस्तक शोधा, आणखी कुणाला विचारा.

कुणी पाहिलं? कसं कळलं? आकडे जुळतात का? वाचताना हे तीन प्रश्न खिशात ठेवा. वर्तमानपत्र वाचताना, मोबाइलवर आलेला निरोप वाचताना, आणि हो, हे सदर वाचतानासुद्धा!

आता तुमच्यासाठी गणित: यांग लिवेई सुमारे ३४० किलोमीटर उंचीवर होता. तिथून भिंत बघणं म्हणजे केस किती मीटरवरून बघण्यासारखं? करा हिशोब. मग घरातल्या कुणाला तरी तेवढ्या अंतरावर केस धरून उभं करा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा.