पेटीतले पोवळे, पाण्यातले प्रवाळ

वहीपूजन आटोपले, भाऊबीज झाली, की अहिल्यानगरच्या कापडबाजारातील व आडते बाजारातील कुटुंबे चार दिवस बाहेर पडतात. त्यांतील काहींच्या गाड्या हल्ली मालवणकडे वळतात. खाकरे आणि फराळाचे डबे सोबत असतातच, त्यामुळे मत्स्याहारी गावात शुद्ध भोजनाची विवंचना फारशी उरत नाही. पावसाळ्यात मात्र समुद्र खवळलेला, पाणी गढूळ आणि डायव्हिंग बंद. चातुर्मासातील स्थिरवास तेथे निसर्गच पाळावयास लावतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या उथळ पाण्यात नाव थांबते. पोहता न येणाऱ्यासही प्रशिक्षक हाताला धरून काही मीटर खाली नेतो. खडकांवर तपकिरी, पिवळसर गोटे दिसतात. ते दगड नव्हेत, प्रवाळ होत. मंगळासाठी अंगठीत बसविले जाणारे तांबडे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले; मालवणचे प्रवाळ निराळ्या जातींचे. ‘जीवविचार’ प्रकरणात विद्रुमाची, म्हणजे पोवळ्याची, गणना पृथ्वीकायात केली आहे. आधुनिक जीवशास्त्र त्यास प्राणी मानते. वर्गवारी भिन्न असली, तरी पाण्यातले प्रवाळ सजीव आहे याविषयी दोहोंत वाद नाही.

त्या गोट्यावर असंख्य सूक्ष्म जीव एकमेकांना जोडून राहतात. त्यांच्या देहात शैवाल वसते; सूर्यप्रकाशावर ते अन्न निर्माण करते आणि यजमानास त्यातला वाटा देते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. गोटा वाढतो तो वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी. पायातल्या पंखाचा एक फटका कित्येक वर्षांची वाढ मोडू शकतो.

कॅरिबियन समुद्रातील बोनेअर या डच बेटावर प्रवाळ किनाऱ्याच्या इतके निकट आहे की डायव्हर नावेविना, वाळूवरून चालतच पाण्यात शिरतात. रस्त्याकडेच्या पिवळ्या दगडांवर त्या त्या जागेचे नाव लिहिलेले असते. 1979 पासून तेथे सागरी उद्यान आहे. हातमोजे घालण्यास बंदी आहे, कारण मोजे असले की हात निर्धास्तपणे प्रवाळावर टेकतो. पाहुण्यांकडून घेतलेल्या शुल्कातून उद्यानाची राखण चालते. व्यापाऱ्याला हा जमाखर्च समजावून सांगावा लागत नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले. मासेमारीवर निर्बंध येतील या भीतीने स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला, आणि ती भीती निराधार म्हणता येणार नाही.

पर्यटकांचा प्रश्न त्याहून सोपा आहे. मासे भोवती जमावेत म्हणून पाण्यात पाव वा बिस्किटे टाकली जातात. जीवदया मानणाऱ्या घरातील माणसांना तर त्यात पुण्यच दिसते. परंतु शैवाल चरणारा मासा पावाला सोकावला की प्रवाळावर शैवाल माजते आणि खालचा जीव गुदमरतो. किनाऱ्यावर कोणी प्रवाळाचा पांढरा तुकडा विकावयास आणला, तर त्याचा भावही विचारू नये. रीफ बांधणारी प्रवाळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. घासाघीस करून घेतलेली ती वस्तू दिवाणखान्याच्या कपाटात शोभेची राहत नाही, गुन्ह्याचा मुद्देमाल ठरते.