आधी बाग, मग पाहुणा

इटलीच्या उंब्रिया प्रांतात, असिसीपासून स्पोलेतोपर्यंत डोंगराच्या कुशीने ऑलिव्हच्या झाडांचा जो एक रुपेरी-करडा पट्टा अखंड पसरला आहे, त्यातील त्रेव्ही या टेकडीवरच्या गावाखाली, एका जुन्या शेतघरात, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयतांनी पाच दिवस मुक्काम केला. त्या मुक्कामात जे मत मनाशी पक्के झाले, ते कोकणातील जुनी घरे एकामागून एक पाहुण्यांसाठी सजू लागली असताना वाचकांपुढे ठेवणे मला अगत्याचे वाटते. शेतघराचे अतिथिगृह करावे, अवश्य करावे. परंतु त्या घरात पहिला मान शेतीचा असावा आणि दुसरा पाहुण्याचा, आणि हा क्रम यजमानाच्या मर्जीवर न सोपवता कायद्याने बांधून द्यावा, असे ते मत आहे.

घर दगडी, दुमजली, भिंती हातभर जाडीच्या. वर जाण्याचा जिना घराबाहेरून; कारण तळमजला माणसांचा नव्हताच, तो गोठा होता, आणि खाली बांधलेल्या बैलांची ऊब लाकडी तक्तपोशीतून वर निजलेल्या कुटुंबाला हिवाळाभर मिळावी अशी त्या रचनेतील योजना होती. आज त्या गोठ्यात पाहुण्यांची जेवणाची मेजे मांडली आहेत. परंतु जीर्णोद्धार करणाऱ्यांनी तीन वस्तू जागच्या हलवल्या नाहीत: भिंतीतील लोखंडी कड्या, दगडी गव्हाण, आणि फरशीच्या मधोमध गोमूत्र वाहून जाण्यासाठी कोरलेली उतरती पन्हळ. माझ्या खुर्चीचा एक पाय रोज त्या पन्हळीत अडके आणि रोज मी खुर्ची सरकवून घेई. एका कडीवर हात ठेवून पाहिला, तर दाव्याच्या घर्षणाने लोखंड एका बाजूस निम्म्यापर्यंत झिजलेले लागले. किती पिढ्यांची गुरे त्या कडीला बांधली गेली असतील, हे त्या झिजेइतके स्पष्ट मला कोणत्याही इतिहासग्रंथाने सांगितले नसते.

हे घर ज्या व्यवस्थेने उभे केले, तिला तिकडे मेझाद्रिया म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर अर्धेली अथवा बटाई. जमीन आणि घर मालकाचे, श्रम सगळे कुळाच्या कुटुंबाचे, बी-बियाणे आणि गुरे यांचा खर्च निम्मा-निम्मा, आणि धान्य, द्राक्षे, तेल या प्रत्येक जिनसाचे दोन सारखे वाटे, असा तो करार. मध्य इटलीतील टेकड्या कित्येक शतके या एका कराराच्या आधारे कसल्या गेल्या. मालक बहुधा शहरात राही. त्याच्या वतीने वाटे मोजणारा, हुकूम सोडणारा आणि प्रसंगी कुटुंबाला बेदखल करणारा जो दिवाणजी असे, त्याला फात्तोरे म्हणत. प्रत्येक कुळाच्या नावे एक हिशेबाची वही असे. आमच्या यजमानीणबाईंनी आपल्या आजोबांची तशी वही कपाटातून काढून दाखवली. निळसर पुठ्ठ्याची, पातळ. डाव्या पानावर येणे, उजव्या पानावर देणे. एका ठिकाणी विकलेल्या वासराची रक्कम, दुसऱ्या ठिकाणी वेलींवर फवारण्याच्या मोरचुदाचा निम्मा खर्च. आणि वर्षअखेरीच्या प्रत्येक बेरजेत कुळाकडे काही ना काही बाकी. वही वाचताना बाईंचे बोट ज्या सावकाशीने त्या बाकीवरून फिरत होते, ती सावकाशी मी विसरू शकत नाही.

ज्या महाराष्ट्राने खोतीचे जुने दस्त पाहिले आहेत, त्याला ही वही परकी वाटण्याचे कारण नाही. कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील कुळे याच तऱ्हेच्या बाकीखाली वाकलेली होती. १९३३ साली अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला आणि तो वर्षानुवर्षे निर्धाराने चालवला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. १९४९ साली खोती कायद्याने संपली आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक मानली गेली. इटलीत महायुद्धानंतरच्या आंदोलनाने कुळाचा वाटा निम्म्यावरून ५३ टक्क्यांवर नेला, आणि १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार करण्यास मनाई केली. परंतु तोपर्यंत तरुण माणसे कारखान्यांच्या वाटेने निघून गेली होती. कायदा आला तेव्हा घरांना कड्या लागलेल्या होत्या, आणि पुढील वीस वर्षांत छपरे खचत गेली. आपल्याकडे कूळ मालक झाले आणि मुलगा मुंबईच्या गिरणीत गेला. तिकडे कूळ मालक होण्यापूर्वीच मुलगा मोटारीच्या कारखान्यात गेला. दोन्हीकडे मागे राहिले ते बंद घर.

या कथेत १९८५ हे वर्ष मला विलक्षण महत्त्वाचे वाटते. त्या वर्षीच्या जानेवारीत मध्य इटलीवर अशी थंडी उतरली, की फ्लॉरेन्सजवळ पारा उणे २३ अंशांपर्यंत गेला आणि तस्कनी-उंब्रियातील ऑलिव्हच्या बागाच्या बागा खोडासकट करपल्या. शेतकऱ्यांनी शतायुषी झाडे जमिनीलगत करवतीने कापली आणि वाट पाहिली. मुळे जिवंत होती. बुंध्याभोवती धुमारे फुटले, त्यांतील तीन-चार राखून वाढवले, आणि आज त्या उतारांवर एका बुडख्यातून तीन-तीन खोडे वर आलेली जी झाडे दिसतात, ती त्या थंडीनंतरची आहेत. मुळांचे वय मात्र किती, ते कोणी सांगावे! त्याच वर्षाच्या डिसेंबरात इटलीच्या संसदेने शेतावरील आतिथ्याचा पहिला राष्ट्रीय कायदा केला. बंद घराचे छप्पर दुरुस्त करण्यास पैसा कोठून आणावा, या प्रश्नाला त्या कायद्याने दिलेले उत्तर विचारपूर्वक दिलेले होते. शेतावर पाहुणे ठेवण्याचा अधिकार केवळ शेती करणाऱ्यालाच राहील आणि आतिथ्य हा शेतीला जोडून चालणारा, तिला पूरक असा व्यवसाय असेल, शेतीची जागा घेणारा नव्हे, असे त्यात बजावले होते.

२००६ साली तो कायदा नव्याने करण्यात आला, आणि त्यातील एका तरतुदीची आपल्या राज्यकर्त्यांनी मुद्दाम दखल घ्यावी अशी माझी विनंती आहे. शेती मुख्य की पाहुणे मुख्य, हे ठरवताना तिकडे विशेषेकरून श्रमाचा वेळ मोजतात. उत्पन्न मोजायचे म्हटले तर शेती कधीच जिंकणार नाही. चार खोल्यांचे एका आठवड्याचे भाडे वर्षभराच्या तेलाला सहज मागे टाकते. म्हणून वर्षातील किती दिवस छाटणी, नांगरणी, वेचणी यांत गेले आणि किती दिवस पाहुण्यांच्या सरबराईत, याचा हिशेब धरतात. शेतीचे दिवस अधिक भरले पाहिजेत. दहापर्यंतच पाहुणे ठेवणाऱ्या लहान शेतकऱ्याच्या बाबतीत शेतीच मुख्य आहे असे गृहीत धरून कायदा त्याची या हिशेबातून सुटका करतो. माणसाचा हात कोणत्या कामात किती वेळ राबला यावरून घराची जात ठरवणे, यात मला थोर न्यायबुद्धी दिसते.

पाहुण्यांच्या पैशाची गरज मी नाकारत नाही. किंबहुना तो पैसा नसता तर त्रेव्हीचे उतार आज झुडपांनी व्यापले असते. तेथील मोरायोलो जातीचे झाड, यजमानांच्या सांगण्याप्रमाणे, दहा-पंधरा किलो फळ देते. शंभर किलो फळातून तेल निघते ते बारा ते पंधरा किलो. म्हणजे एका झाडामागे वर्षाकाठी दोन लिटरांचीही शाश्वती नाही. उतार इतका तीव्र, की एकेका झाडाखाली माती धरून ठेवण्यासाठी अर्धचंद्राकार दगडी बांध घातलेला आहे, चुन्यावाचून, नुसत्या दगडावर दगड रचून, अगदी आपल्या कोकणातील गडग्यासारखा. तेथे यंत्र चढत नाही. जाळे अंथरावे, शिडी लावावी, बोटांनी फांदी ओरपावी, एवढीच रीत. असिसी-स्पोलेतो पट्ट्यातील या बागांना २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाच्या कृषिवारशात स्थान दिले. मानाची गोष्ट आहे. पण ढासळलेला गडगा मानपत्राने उभा राहत नाही, त्याला गवंड्याची मजुरी लागते, आणि ती मजुरी त्या घरात पाहुण्याच्या भाड्यातून निघते. पैसा खोलीतून बागेकडे वाहतो तोवर मला त्याबद्दल काही म्हणायचे नाही.

तो उलट वाहू लागला म्हणजे काय होते, तेही मी पाहिले आहे. त्रेव्हीच्या मुक्कामाआधी काही वर्षे, दुसऱ्या एका प्रांतात, नाव घेण्याचे कारण नाही, अशाच एका जीर्णोद्धारित घरात आम्ही दोन रात्री काढल्या होत्या. तेथील झाडे अंगणात दिव्यांच्या झोतात उभी होती, त्यांच्याखाली हिरवळ होती, हिरवळीपलीकडे पोहण्याचा तलाव होता. आणि ऐन हंगामात पिकलेली काळी फळे हिरवळीवर गळून पडत होती आणि एक नोकर ती झाडून नेत होता. मेजावरची तेलाची बाटली दुकानातली होती. त्या दृश्याने मला जे दुःख झाले ते, ज्या घरातला देव उठवून नेला आहे अशा देवघरासमोर उभे राहिल्यावर व्हावे, तसे होते.

त्रेव्हीच्या मुक्कामात एक दिवस आम्ही वेगळा काढला आणि तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यातील मोंतोने या गावी गेलो. रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील पळसगाव-आंबडोशीचे यशवंत घाडगे, मराठा पलटणीतील नाईक, १० जुलै १९४४ रोजी याच खोऱ्यात पडले. तुकडीतील सारे सहकारी मृत वा जखमी झाले असताना त्यांनी एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर धाव घेतली, ती बंद पाडली, आणि मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्यांचा प्राण घेतला. वय बावीस. त्यांचा देह मिळाला नाही. मोंतोने येथे २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ एक छायाघटिका उभारण्यात आली आहे. तिच्यापाशी उभे राहून समोरच्या उतारावर पाहिले, तर तीच दगडी शेतघरे, तेच बाहेरचे जिने, तीच ऑलिव्हची झाडे. खोतीच्या मुलखातून आलेला तो तरुण अर्धेलीच्या मुलखात, कसणाऱ्यांच्या घरांमधून लढत गेला. ती घरे त्याला कशी दिसली असतील, कोठे नांगर टेकलेला, कोठे गोठ्यात हंबरणारे जनावर, याचा विचार मनातून काही केल्या जाईना. तेव्हापासून त्या मुलखाला परमुलूख म्हणणे मला जड जाते.

महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण स्वीकारले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे, आणि कोकणात कित्येक सुजाण कुटुंबे आंबा-काजूची राखण करीत पाहुण्यांना पिठले-भाकरी, सोलकढी प्रेमाने वाढीत आहेत, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण जेथे कलमांना आळी करायला माणूस नाही, गडगे गुरांनी पाडले आहेत, आणि तरीही फाटकावर ‘शेतातील निवास’ अशी पाटी आहे, तेथे त्या पाटीचा अर्थ काय? आपल्याकडे तर नवी यंत्रणाही उभारावी लागत नाही. सातबाराच्या उताऱ्यावर पीकपाहणीचा रकाना पिढ्यान् पिढ्या भरला जात आला आहे. नोंदणीचे नूतनीकरण करताना तो रकाना तलाठ्याने बागेत प्रत्यक्ष जाऊन तपासावा, आणि त्यासोबत वर्षभरात शेतीवर किती दिवसांचे श्रम झाले याचा साधा ताळेबंद घ्यावा. ज्याची दहा-बारा कलमे आहेत आणि दोन खोल्या आहेत, त्या लहान माणसाला इटलीप्रमाणे या तपासणीतून मोकळे ठेवावे. जो केवळ खोल्या बांधतो त्याने हॉटेल खुशाल चालवावे. शेतीच्या नावाने मिळणारी सवलत मात्र त्याला मिळू नये.

चौथ्या दिवशी रात्री यजमानांनी आम्हाला घाण्यावर नेले. गावातल्या त्या गिरणीत दहा-बारा कुटुंबे आपापल्या क्रेटांपाशी उभी होती. कोणी बाकावर पेंगत होते, पण आपल्या मालापासून हलत नव्हते, कारण आपल्याच फळांचे तेल आपल्या डब्यात उतरले पाहिजे, हा प्रत्येकाचा कटाक्ष. लहानपणी रत्नागिरीला आजोबांबरोबर खोबऱ्याची पिशवी मांडीशी धरून मी घाण्यावर असाच बसत असे. पाळी आली, फळे यंत्रात गेली, आणि तासाभराने नळीतून गर्द हिरवी, जाडसर धार पडू लागली. यजमानांनी निखाऱ्यावर भाजलेल्या अळणी पावाच्या तुकड्यावर लसूण घासून त्यावर ती धार धरली आणि तुकडा माझ्या हाती दिला. आधी कच्च्या गवताचा वास, मग कडवटपणा, आणि मग घशात मिरीसारखी झणझणीत लहर. मला ठसका लागला, तशी भोवतालची माणसे समाधानाने मान डोलावू लागली. ठसका हीच ताज्या तेलाची खूण, असे मला सांगण्यात आले.

निघण्याच्या सकाळी निरोपाला कोणी नव्हते. आदल्या रात्रीच यजमानांनी क्षमा मागून सांगितले होते की, दुपारी चारला घाण्यावर पाळी आहे आणि अजून वीस-बावीस झाडे बाकी आहेत. तेव्हा पैसे गव्हाणीवरच्या पेटीत ठेवावेत आणि किल्ली दारालाच असू द्यावी. बाहेर धुके होते. वरच्या उतारावर शिडी दिसत होती, शिडीवरची माणसे दिसत नव्हती; फक्त खाली पसरलेल्या जाळ्यावर फळे पडल्याचा पावसाच्या पहिल्या थेंबांसारखा आवाज येत होता. आम्ही किल्ली दाराला ठेवली आणि गाडीकडे निघालो.