केसपेपरवरची एक ओळ

माझा एक जुना विद्यार्थी कल्याणला राहतो. बारावीनंतर भिवंडीजवळच्या एका गोडाऊनमध्ये ठेकेदारामार्फत कामाला लागला. गेल्या महिन्यात फोर्कलिफ्टचं चाक त्याच्या पायावरून गेलं. भेटायला गेले तेव्हा त्याच्या अम्मीने केसपेपर पुढे केला. "टीचर, जरा वाचून सांगा." त्यावर लिहिलं होतं: घरी जिन्यावरून पडला. दवाखान्यात ठेकेदाराने तसंच सांगितलं होतं, आणि वेदनेने कळवळणारा पोरगा गप्प राहिला होता.

भिवंडीच्या मागच्या पिढीला लूममधून उडालेला धोटा माहीत होता. आता माणकोली, राहनाळ, दापोड्याची गोडाऊनं आमच्या मुलांना रोजगार देतात. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग झटकन बाहेर येतो. पुढे माल उंच रचलेला असला की चालकाला समोरचा माणूस दिसत नाही. म्हणून पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट आखणं आणि चालकाला नीट शिकवणं हे मालकाचं काम. पण अपघात झाला की पहिला प्रश्न मजुरालाच, "लक्ष कुठे होतं तुझं?"

ती खोटी ओळ किती महाग पडते पाहा. या मुलाच्या पगारातून ईएसआयसीचे पैसे कापले जात होते. दुखापत कामावरची असेल तर कामावर जाता येत नाही तोवर पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. घरची असेल तर ते साधं आजारपण: ७० टक्के, तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. आणि ज्यांचं नाव ईएसआयसीत नाही, त्यांच्या भरपाईची जबाबदारी १९२३च्या कायद्यानेच मालकावर टाकली. माणूस ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे.

शेजारी म्हणाले, "खरं लिहिलं तर नोकरी जाईल." भीती खोटी नाही. पण मोडलेल्या पायाने ती नोकरी तशीही कुठे राहिली होती? सोबतच्या दोघांची नावं घालून आम्ही अर्ज लिहिला. निकाल अजून यायचा आहे.

सहलीला परवानगी मागणारा अर्ज मी वर्षानुवर्षं शिकवत आले. या वर्षी फळ्यावर नवा विषय लिहिला: कामावर झालेल्या अपघाताची नोंद करण्याबाबत.